पहिला नंबर कोणत्या गाण्याचा?

(स्नेहमीलनाच्या दुसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय वाचून सकाळपासून तीन जणांनी मला विचारलं, "रॉक म्हणजे थो धांगडधिंगा ना वो?" हो, तोच. हा विषय मी मागून घेतलेला नाही. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रीच्या कार्यक्रमाची गाणी ठरत होती. मी एवढंच लिहिलं, की एखादं रॉक गाणंही राहू द्या. त्यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी आयोजकांनी फर्मान काढलं : तू इंजिनीअर आहेस, तूच जगातली सगळ्यांत भारी रॉक गाणी निवड आणि पहिला नंबर कोणाचा ते मंचावरून जाहीर कर.

मला वाटलं, सोपं काम आहे. पुण्यात माझी नोकरीच क्रम लावण्याची आहे. कोणी काही शोधलं की हजारो उत्तरांमधून आधी कोणतं दाखवायचं आणि मग कोणतं, हे ठरवणारे प्रोग्रॅम आम्ही लिहितो. मग पाच-पंचवीस गाण्यांची काय कथा? तीन आठवडे रात्री बसले. गाणी निवडून झाली, पण क्रम काही लागला नाही. तो का लागला नाही, तेच आज सांगणार आहे.

आधी हे गाणं माझ्यापर्यंत आलं कसं ते सांगते. आपण दहावीत होतो तेव्हा शेवटच्या बाकावर एक मुलगा बसायचा. नाव घेत नाही, तुम्ही ओळखालच. तो दिवसभर कंपासपेटीने बाक वाजवायचा. मी वर्गाची मॉनिटर. गुरुजी वर्गात नसले की बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझं. तो बोलायचा नाही, नुसता वाजवायचा, तरी मी त्याचं नाव लिहायची. मग गुरुजी आले की छडी. एकदा मधल्या सुट्टीत त्याने मला अडवलं. "काऊन वो, माह्यं नाव काऊन लिहितं रोज? मी बोललो का?" मी म्हटलं, "वाजवतोस ना." तो म्हणाला, "थे बोलणं नाही, गाणं आहे. ऐकाचं आहे का तुले?"

आणि त्याने दप्तरातून एक कॅसेट काढली. त्याच्या मामाने नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानातून भरून आणलेली. वर निळ्या पेनने लिहिलं होतं : 'इंग्लिश – फास्ट'. बस. गाण्याचं नाव नाही, गाणाऱ्याचं नाही. मी ती घरी नेली आणि आई भजनाला गेली की बाबांच्या टेपरेकॉर्डरवर आवाज बारीक करून ऐकायला लागले. शब्द एक कळत नव्हता. पण त्या कॅसेटवर कोण मोठं, कोण छोटं, काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मला सगळंच आवडलं. गाण्यांची नावं कळली ती पुढे इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलमध्ये. तिथे मात्र रोज भांडणं, की हे गाणं श्रेष्ठ की ते.

आता क्रमाचं बोलू. संगणकाला क्रम लावायला सांगितलं की त्याला आधी हे सांगावं लागतं : कशावरून लावायचा? उंचीवरून लागतो, मार्कांवरून लागतो. पण आपल्या बाजारात कापूस आणि वांगी एकाच काट्यावर ठेवली, तर काटा फक्त वजन सांगेल. कापूस घेणारा धाग्याची लांबी बघतो. वांग्याला धाग्याची लांबी कोणी विचारतं का? रॉकचंही तसंच आहे. ते एक गाणं नाही, मोठं खटलं आहे. घरात हार्ड रॉक आहे, हेवी मेटल आहे, पंक आहे, प्रोग्रेसिव्ह आहे, आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा.

या खटल्यातला आजा म्हणजे ब्लूज. तो कुठे वाढला ठाऊक आहे? अमेरिकेत मिसिसिपीच्या खोऱ्यात, कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या मजुरांमध्ये. मडी वॉटर्स हा त्यातला थोर गायक. तो स्वतः कापसाच्या मळ्यावर मजूर होता. १९४३ मध्ये तो शिकागोला गेला आणि तिथल्या गोंगाटात आपलं गाणं ऐकू यावं म्हणून विजेची गिटार वाजवू लागला. त्याच्याच एका गाण्यावरून पुढे रोलिंग स्टोन्सने आपलं नाव घेतलं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याकडची वेचणी आठवली. कंबरेला ओटी बांधून ओळीने पुढे सरकणाऱ्या बाया आणि त्यांच्यातली एक गुणगुणत असलेली. ज्याला आपण परकं म्हणतो त्या गाण्याचं मूळ आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखातलं निघालं.

तर मी असं केलं. प्रत्येक प्रकाराला त्याचा त्याचा प्रश्न विचारला आणि त्याचं सगळ्यांत चांगलं उत्तर देणारं एकेक गाणं निवडलं.

हार्ड रॉकला माझा प्रश्न : एकदा ऐकल्यावर डोक्यातून जात नाही असा गिटारचा तुकडा आहे का? त्याला रिफ म्हणतात. माझं उत्तर, डीप पर्पलचं 'स्मोक ऑन द वॉटर', १९७२ चं. त्या मंडळींना स्वित्झर्लंडमध्ये माँत्रो इथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं होतं. ४ डिसेंबर १९७१ रोजी तिथे फ्रँक झप्पाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कोणीतरी छताकडे फ्लेअर गन उडवली आणि अख्खा कॅसिनो जळाला. सरोवरावर पसरलेला धूर हे हॉटेलातून बघत होते. त्या धुराचं गाणं झालं. त्याची रिफ इतकी सोपी, की गिटार हातात घेतलेला पोरगा पहिल्या आठवड्यात तीच काढतो. आपल्या त्या कॅसेटवरचं पहिलं गाणं हेच होतं, आणि बाकावर कंपासपेटीने वाजायचं तेही हेच.

हेवी मेटलला प्रश्न वेगळा : वजन किती? ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा. सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. तीही तारा दाबायच्या हाताची. जिनिंगच्या गावात मशीन आणि बोटांची गोष्ट मी वेगळी सांगायला नको. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि पुढे तारा सैल सोडून सूर खाली उतरवले. त्यातून जो जड, खोल आवाज निघाला, त्यावर पुढचं मेटल उभं राहिलं. माझी निवड १९७१ चं 'चिल्ड्रन ऑफ द ग्रेव्ह'. मेटल म्हणजे नुसता आरडाओरडा म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की तो आवाज एका जखमी हाताने शोधलेला आहे.

पंकचा प्रश्न : जे म्हणायचं ते फाफटपसारा न करता म्हणता येतं का? हे आपल्याला समजवायला नको, कारण आपल्याकडे पोळा आहे. बैल तोरणाखाली उभे राहतात आणि कोणीतरी झडती म्हणतो. चार ओळी, त्यात भाव पडलेला कापूस, सावकार, पुढारी, सगळ्यांचा समाचार. सूर लागला नाही तरी चालतो, खोटं चालत नाही. गर्दी साद देते की पुढची झडती. न्यूयॉर्कच्या रमोन्सचं 'ब्लिट्झक्रीग बॉप', १९७६ चं, सव्वादोन मिनिटांच्या आत संपतं. गाणारे-वाजवणारे एकमेकांचे कोणी नव्हते, पण सगळ्यांनी रमोन हेच आडनाव लावलं होतं. लांबण लावणाऱ्या त्या काळच्या रॉकला ही त्यांची झडती होती.

उलट प्रोग्रेसिव्ह रॉकला विचारायचं, की तुझ्यात दम किती? लांबचा पल्ला गाठतोस का? पिंक फ्लॉइडचं 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड', १९७५ चं. नऊ भाग, सगळे मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त. आपल्या कॅसेटची एक बाजू या गाण्याच्या मध्येच संपायची. खट्. मला कित्येक वर्षं वाटायचं, गाणं तिथेच संपतं. हॉस्टेलमध्ये ते पूर्ण ऐकलं तेव्हा मी रडले होते.

हे गाणं आहे त्यांच्या जुन्या मित्रावर. सिड बॅरेट, बँड उभा करणाऱ्यांपैकी एक. त्याचं मन बिघडत गेलं आणि १९६८ मध्ये तो बँडबाहेर पडला. सात वर्षांनी, ५ जून १९७५ ला, ते लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत काम करत असताना एक लठ्ठ माणूस आत येऊन उभा राहिला. डोकं भादरलेलं, भुवयाही काढलेल्या. बराच वेळ कोणी त्याला ओळखलं नाही. तो सिड होता. ज्याच्यावर गाणं केलं तो समोर, आणि मित्रांना ओळख पटेना. काल संध्याकाळी फाटकापाशी आपणही एकमेकांकडे असेच बघत होतो. फरक एवढाच, की आपण हसून विचारलं, "तू कोण रे?"

नव्वदच्या दशकातल्या ऑल्टर्नेटिव्ह रॉकला मी विचारलं : मनात खुपतंय ते उघडं बोलतोस का? सगळे 'निर्वाणा' म्हणतील, आणि त्यांचं चूक नाही. पण मी आयर्लंडच्या क्रॅनबेरीजचं 'झॉम्बी' निवडलं, १९९४ चं. मार्च १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या वॉरिंग्टन गावात आयआरएने ठेवलेले बॉम्ब फुटले आणि दोन मुलं गेली. एक तीन वर्षांचा, एक बारा वर्षांचा. डोलोरेस ओ'रिऑर्डन तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिने हे गाणं लिहिलं आणि गायलं, आणि गाताना आवाज फाटू दिला. हॉस्टेलमध्ये आम्हाला ऐकवलं जायचं, की रॉक पोरींचं काम नाही. मी हे गाणं लावायची आणि दार उघडं ठेवायची.

मग एक गाणं आलं ज्याला खानाच सापडेना. क्वीनचं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', १९७५. सुरुवात हळुवार पियानोवर, मध्ये ऑपेरा, मग कडक रॉक, शेवट पुन्हा हळुवार, आणि लांबी पाच मिनिटं पंचावन्न सेकंद. रेडिओवर एवढं मोठं कोण वाजवणार, असं कंपनीचं म्हणणं होतं. लोकांनी मात्र डोक्यावर घेतलं. ते रचणारा फ्रेडी मर्क्युरी म्हणजे फारोख बुलसारा, झांझिबारला जन्मलेला पारशी मुलगा. शिकायला होता आपल्या पाचगणीला, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. तिथेच त्याने शाळेतल्या मित्रांबरोबर 'द हेक्टिक्स' नावाचा पहिला बँड काढला. तेव्हा महाराष्ट्राचा रॉकशी काय संबंध, असं कोणी विचारलं तर पाचगणीचा रस्ता दाखवा. आणि मला तर २०१० मध्ये पुण्यात मोठा संगीत महोत्सव सुरू झाला तेव्हा त्याचं नावच 'एनएच सेव्हन वीकेंडर' ऐकायला मिळालं. तिथे एकाने विचारलं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, "सात नंबरच्या हायवेवरची, पांढरकवड्याची." हायवेचा नंबर आता ४४ झाला, पण त्या दिवशी मी फार ऐटीत होते.

शेवटचा प्रकार सगळ्यांत जुना, साधा रॉक अँड रोल. त्याला प्रश्न एकच : पाय हलतात का? चक बेरीचं 'जॉनी बी. गुड', १९५८. गोष्ट एका खेड्यातल्या मुलाची. लिहिण्यावाचण्यात कच्चा, पण गिटार हातात आली की ऐकणारा जागचा हलत नाही.

हे गाणं आज कुठे आहे? सूर्यमालेच्या सीमेपलीकडे. १९७७ मध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांत प्रत्येकी एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. कधी कोणाला सापडली, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून. पंचावन्न भाषांतले नमस्कार, त्यांत मराठीही आहे. आणि संगीताचे सत्तावीस तुकडे. साऱ्या पृथ्वीतून सत्तावीस! कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना केवढं अवघड गेलं असेल. चक बेरीला तर विरोधही झाला. लोकसंगीताचे मोठे अभ्यासक ॲलन लोमॅक्स यांना ते पोरकट वाटत होतं. सेगन यांचं उत्तर असं होतं, की पृथ्वीवर पोरंही पुष्कळ आहेत. गाणं राहिलं. त्याच तबकडीवर बाख आहे, बेथोवन आहे, आणि आपल्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. यानं निघाल्यावर त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. त्यांचा स्वर अजून प्रवासात आहे.

ही हकिगत वाचली आणि माझा तीन आठवड्यांचा घोळ संपला. त्या लोकांनी सत्तावीस तुकडे निवडले, पण त्यांना नंबर दिले नाहीत. केसरबाई पहिल्या आणि चक बेरी सतरावा, असं कुठे लिहिलेलं नाही. निवड करावीच लागते, कारण तबकडीवर जागा थोडी असते. पण निवडणं वेगळं आणि एकाखाली एक लावणं वेगळं. तेव्हा आयोजकांनो, तुमचं फर्मान मी अर्धंच पाळलं आहे. सात गाणी दिली. पहिला नंबर देणार नाही.

आता शेवटचं, आणि हे मला गाण्यांपेक्षा जास्त सांगायचं होतं.

१९९६ च्या जूनमध्ये निकाल लागला. शाळेच्या फळ्यावर माझं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्या मुलाचं गणित राहिलं. फाटकापाशी तो भेटला आणि हसत म्हणाला, "पाह्य, आता तुह्यं नाव फळ्यावर आलं." मला काही बोलता आलं नाही. त्याने कॅसेट मागितली नाही आणि मीही दिली नाही. मी यवतमाळला गेले, मग नागपूरला, मग पुण्याला. तो शाळेत परत आला नाही.

आपल्या सगळ्यांना तेव्हा एकच प्रश्न विचारला गेला होता. त्याचं उत्तर मला येत होतं, म्हणून मी हुशार. त्याला एक वेगळं उत्तर येत होतं, ते कोणी विचारलंच नाही. आणि मला तो प्रश्न ठाऊक होता, त्याच्या कॅसेटमुळेच ठाऊक होता, तरी मी खडू घेऊन त्याचंच नाव लिहीत राहिले. छडी गुरुजींची होती, पण नाव मी लिहिलेलं होतं. जवळजवळ तीस वर्षांत हे मी कोणाजवळ बोलले नाही. आज सगळ्यांसमोर त्याची माफी मागते.

कालपासून या मंडपात एकदाही माइकने शिट्टी मारली नाही. मागच्या रांगेतल्या आजारी बाईंनाही प्रत्येक शब्द ऐकू येतोय, हे त्यांनीच मला सांगितलं. हे काम कोणाचं? ते त्या कोपऱ्यात, मिक्सरमागे उभे आहेत. मंडप त्यांचा, साउंड त्यांचा, आणि स्नेहमीलनाचं एका पैशाचं बिल त्यांनी लावलेलं नाही, हे आयोजकांनी मला गुपचूप सांगितलंय, म्हणून मी उघड सांगते.

भाऊ, तुझी कॅसेट आणली आहे. टी-सीरिजची, साठ मिनिटांची, निळ्या पेनाने 'इंग्लिश – फास्ट' लिहिलेली. फीत एकदा अडकली होती, ती मी पेन्सिलीने गुंडाळून नीट केली आहे. वाजते की नाही, ते मला माहीत नाही, माझ्याकडे आता टेपरेकॉर्डर नाही. तुझ्याकडे असेलच. रात्री जेवणानंतर पहिलं गाणं तू लाव. कोणतं लावायचं, ते तूच ठरव.